न बसणारी गाडी

पिकअपच्या मागच्या चाकांवर हवेचे दोन फुगे बसवून घेतले, तर आपल्या पदरात काय पडेल याचा हिशेब धाकट्या जावयाने विजेच्या बिलाच्या पाठीवर मांडला होता. एक, सासूबाईंच्या लाँड्रीचं रोजचं काम. सकाळी हॉटेलातल्या मळक्या चादरी आणायच्या, संध्याकाळी धुतलेल्या पोचवायच्या, ऊन असो की पाऊस, वर्षभर. दोन, साडूचं तोंड बंद. तीन, फिटरने वर फुकट देऊ केलेली टोपी. खर्चाच्या बाजूला एकच आकडा होता आणि तो त्याने इतका बारीक लिहिला होता की वाचायला चष्मा लागावा. बायकोला चष्मा नव्हता, तरी तिने तो वाचला.

"अहो, हे फुगे आहेत की पाटल्या?"

"धंद्यात गुंतवणूक करावी लागते."

"गुंतवणूक म्हणजे घातलेलं परत येतं ते. जातं त्याला दुसरा शब्द आहे."

धाकट्या जावयाने बिलाची घडी घातली. बायकोशी वाद घालायचा नाही, हा नियम त्याने लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात केला होता. त्यामुळे घरात शांतता होती आणि निर्णय चुकायचे.

गाडीचं दुखणं असं होतं की तिचे मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगा, थकले होते. हौद्यात चार गोणी पडल्या की ती मागे बसायची. सहा पडल्या की नाक वर करायची, आणि मग दिवे रस्त्यावर पडायचे सोडून झाडावरच्या पाखरांच्या डोळ्यांत जायचे. मागे ट्रेलर जोडला तर विचारूच नका. ट्रेलरचा भार हुकावर आला की गाडी अशी दिसायची, जणू कोणीतरी तिला मागून खुर्ची दिलीय आणि ती आभार मानून टेकतेय. एकूण भार तिला झेपायचा, त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. तक्रार दिसण्याची होती. बाजारात तिचं नाव ‘बसकी’ पडलं होतं आणि मालकही त्याच नावाने ओळखला जात होता. "बसकीवाला आला का?" असं कोणी विचारलं की तो पुढच्या गल्लीत वळायचा.

त्यात साडू. थोरल्या मेहुणीचा नवरा. त्याच्याकडे छोटा टेम्पो होता, पत्र्याच्या ट्रंकेएवढा, पण नवा. रविवारी सासुरवाडीला दोघे भेटले की तो मोठ्या आस्थेने विचारायचा, "काय साडूभाऊ, गाडी बसलीय की उठलीय?" आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच हसायचा.

अशात सासूबाईंनी लाँड्री हलवायचं ठरवलं. जुनी जागा बोळात होती, नवी पुलापलीकडे हमरस्त्यावर. सासूबाई म्हणजे एकहाती कारभार. सासरे होते तेव्हाही ते इस्त्रीच करायचे. हिशेब, गिऱ्हाईक, भांडण ही तिन्ही खाती बाईंकडे. हॉटेलशी रोजच्या चादरींचा करारही त्यांनीच जमवला होता. आता त्या चादरींची ने-आण कोणता जावई करणार, असं कोणी विचारलं की त्या एवढंच म्हणायच्या, "नव्या दुकानात गेल्यावर बघू."

यावरून दोन्ही जावयांनी आपापलं ताडलं की सामान हलवायचा दिवस हीच परीक्षा. साडूने टेम्पो धुतला. धाकटा फिटरकडे गेला.

फिटर गोड बोलणारा होता. त्याने गाडीखाली सरपटत जाऊन दाखवलं. इथे वर सांगाडा, इथे खाली चाकांचा आस, मधे हा रबरी फुगा. सीटखाली एवढासा कॉम्प्रेसर, समोर काटा आणि एक बटण. मागे भार पडला, बटण दाबलं, फुग्यात हवा गेली, गाडी वर.

"कितीही टाका मालक, टेबलासारखी सपाट. ट्रेलर ओढताना मागून बघणाऱ्याला वाटेल रिकामीच चाललीय."

"रिकामी वाटेल?" धाकट्या जावयाचे डोळे चमकले.

"अगदी हुंदडत चाललीय असं वाटेल."

फुग्यांबरोबर एक पुस्तिका आली. ती त्याने फळीवर टाकली आणि बायकोने खाली काढून भाजी निवडता निवडता वाचली.

"अहो, यात लिहिलंय की फुग्यांनी गाडी सरळ राहील, पण वजन वाहायची ताकद पहिलीच राहील. वाढणार नाही."

"ते कंपनीला लिहावंच लागतं."

"पुढच्या पानावर जाड अक्षरात परत लिहिलंय."

"कंपनी घाबरट असेल."

"तिसऱ्या पानावर चित्र काढलंय. त्यात एक माणूस डोकं धरून बसलाय. टोपी तुमच्यासारखीच आहे."

त्याने टोपी काढून खुंटीला लावली आणि विषय संपवला.

परीक्षेच्या दिवशी सकाळी सात वाजता बसकी बोळात शिरली. धाकट्या जावयाने ती दारासमोर उलटी लावली, काच खाली केली आणि हाक मारली, "आई, बाहेर या! गाडी तुम्हाला नमस्कार करतेय!"

सासूबाई बाहेर आल्या. त्याने हवा सोडली. गाडीचा मागचा भाग मोठा उसासा टाकत सासूबाईंच्या पुढ्यात खाली बसला, आणि मग बटण दाबताच गुर्रगुर्र करत वर उठला.

सासूबाईंनी बघितलं. मग म्हणाल्या, "जावईबापू, नमस्कार तोंडाकडून करतात. हे काय दाखवलंत?"

बोळाच्या तोंडाशी टेम्पोला टेकून उभ्या असलेल्या साडूला ठसका लागला.

आता इथे लाँड्रीची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. किंवा बसलं आहे. माल भरायचं काम बायकांकडे होतं आणि त्यांची मुकादमीण चांगली उंच, कमरेला पदर खोचलेली. गाडीत किती भरायचं हे ती आपल्या गुडघ्यावरून ठरवायची. ती गाडीच्या मागे सरळ उभी राहायची. बसकी रिकामी असली की बंपर तिच्या गुडघ्याच्या चार बोटं वर. माल पडत जाई तसतसा बंपर खाली येई. गुडघ्याच्या वाटीशी आला की ती ओरडायची, "बस!" आणि हात थांबायचे. वजनकाटा नाही, कागद नाही. गेली नऊ वर्षं त्या गुडघ्याने एक किलोची चूक केली नव्हती. भिजलेल्या गोधड्या असोत की कोरडे पडदे, गुडघ्याला सगळं सारखं.

मुकादमीण मागे येऊन उभी राहिली. "घाला गं," ती म्हणाली.

आधी धुलाईचं मोठं मशीन चढलं. गाडी थोडी दबली. धाकट्या जावयाने बटण दाबलं, गाडी वर. दुसरं मशीन चढलं. दबली, बटण, वर. सुकवण्याचं यंत्र, इस्त्रीची दोन टेबलं, लोखंडी घमेली, हँगरांच्या चार पेट्या. मुकादमीण खाली वाकून बंपरकडे बघायची. चार बोटं.

"आज काय खाल्लंय काय हिने?" ती म्हणाली.

"हवा!" धाकट्या जावयाने अभिमानाने सांगितलं.

"मग अजून भूक असेल. घाला गं!"

आता राहिल्या चादरी. आदल्या दिवशी वीजवाल्याने येऊन जुन्या दुकानाची वायर काढून नेली होती, आणि ती नेमकी हॉटेलच्या चादरी धुऊन झाल्यावर आणि वाळायच्या आधी. सव्वाशे चादरी आणि तेवढेच अभ्रे ओलेगच्च बोचक्यांत बांधलेले होते. कोरडी चादर कोंबडीएवढी असली तर ओली शेळीएवढी असते. नव्या दुकानात यंत्र जोडून दुपारपर्यंत त्या सुकवायच्या आणि संध्याकाळी सहाच्या आत हॉटेलात द्यायच्या, असा बेत होता. सव्वाशे शेळ्या हौद्यात चढल्या. चार बोटं.

मग ट्रेलर जोडला. त्यावर इस्त्रीच्या वाफेचा बॉयलर. तो ठेवताना आतून डुबुक असा आवाज आला.

"यातलं पाणी काढलंय ना?" धाकट्या जावयाच्या बायकोने विचारलं. ती आईला मदत करायला आली होती.

"काढायचं होतं का?" मुकादमीण म्हणाली, आणि बंपरकडे बघून, "राहू दे ताई. हिला कळलंसुद्धा नाही."

बायको नवऱ्याच्या खिडकीशी आली. "अहो, टायर बघा. खालून पोळीसारखे पसरलेत."

"टायर काय बघायचे? गाडी बघ. सपाट आहे की नाही?"

"सपाट टायरच झालेत."

तो हसला. त्याला साडूचं तोंड दिसत होतं. साडू पहिल्यांदाच गप्प होता. विजेच्या बिलावरची दुसरी रक्कम वसूल झाली होती.

सासूबाई पुढे बसल्या, मांडीवर गल्ल्याची पेटी. मुकादमीण आणि बायको साडूच्या टेम्पोत बसल्या, आणि बाकीच्या बायका हसत खिदळत पायी निघाल्या. पायी निघालेल्यांनी गाडीला बोळाच्या तोंडाशीच मागे टाकलं.

"जावईबापू, गाडी चालू आहे ना?"

"चालू आहे आई. पहिल्या गिअरमध्ये आहे."

"दुसरा असतो ना?"

"असतो. पुलानंतर."

पुलाच्या चढावर क्लचचा असा वास सुटला की सासूबाईंनी पदर नाकाला लावला. काठी टेकत चाललेले एक आजोबा शेजारून पुढे गेले आणि जाताना त्यांनी काळजीने काचेतून आत डोकावून पाहिलं. मागून साडू हॉर्न वाजवत होता, आस्थेने. माथा आला. माथ्यानंतर उतार आणि उताराच्या पायथ्याशी चौक, हे धाकट्या जावयाला माहीत होतं. पण मागे एक बॉयलर आहे आणि त्याच्या पोटात तळं आहे, याचा विचार त्याने आत्ता, ब्रेकवर पाय ठेवल्यावर केला. ब्रेक दाबला. गाडीने जरा विचार केला. मग तळ्याने ढकललं.

"देवा," तो म्हणाला.

"काय झालं?"

"काही नाही आई. दुसरा गिअर आला."

दोन्ही पाय ब्रेकवर उभे करून, हँडब्रेक छातीपर्यंत ओढून त्याने ती कशीबशी आवरली. चौकाच्या मधोमध गाडी थांबली. थांबल्यावर मागे ‘खट्’ असं काहीतरी झालं. ते त्याच्या बाजूच्या थकलेल्या पाट्याचं शेवटचं वाक्य होतं. आता त्या कोपऱ्याचा सगळा भार एकट्या फुग्यावर आला. फुग्याने क्षणभर तग धरला, आणि मग तो गेला. लग्नाच्या मांडवात बँडवाल्याने चुकून मोठा ढोल फोडावा, असा आवाज.

गाडी धाकट्या जावयाच्या बाजूला बसली. पलीकडचा फुगा मात्र शाबूत होता आणि घाबरून धाकट्या जावयाचा हात बटणावरच दाबलेला राहिला होता. म्हणून एक बाजू खाली जात होती आणि दुसरी वर. त्या उतरणीवरून सासूबाई गल्ल्याच्या पेटीसकट सावकाश, ठामपणे जावयाकडे सरकू लागल्या.

"जावईबापू, सरका."

"कुठे सरकू आई? इकडे दार आहे."

"मग हवा सोडा!"

"सोडली ना आई, अर्धी आपोआपच."

मागे दोर सुटले. पहिलं बोचकं पडलं, फुटलं, आणि त्यातल्या शेळ्या एकामागोमाग एक चौकात उतरल्या. पांढऱ्या, ओल्या, प्रत्येकीच्या कोपऱ्यावर हॉटेलची निळी मोहोर. आणि समोर, चौकाच्या कोपऱ्यावर, तेच हॉटेल. पायऱ्यांवर उभा मॅनेजर एका पाहुण्याला हात जोडून निरोप देत होता. त्याचे हात जोडलेलेच राहिले.

टेम्पो येऊन थांबला. मुकादमीण उतरली, गाडीच्या मागे गेली, सवयीने सरळ उभी राहिली आणि खाली बघितलं. एका बाजूला बंपर तिच्या घोट्याशी होता, दुसऱ्या बाजूला कमरेशी.

"बाई," ती सासूबाईंना म्हणाली, "मी बस म्हणायचं होतं का?"

सासूबाई खिडकीतून उतरल्या, कारण दार उघडत नव्हतं. साडी झटकली, चौकाकडे एक नजर टाकली आणि कामाला लागल्या. जुनं दुकान मागे, नवं पुढे, यंत्र बंद, चादरी ओल्या, आणि घड्याळात साडेनऊ. त्यांनी मॅनेजरला गाठलं.

"साहेब, तुमच्या चादरी आणल्यात. वेळेच्या आधी."

"अहो बाई, त्या रस्त्यावर आहेत!"

"वरच्या बोचक्यातल्या आहेत त्या. तेवढ्या पुन्हा धुऊन देते. खालची बोचकी स्वच्छ आहेत, फक्त वाळवायची आहेत. तुमच्या गच्चीवर ऊन आहे. माणसं माझी. तुमचा खर्च शून्य."

मॅनेजरने गच्चीची किल्ली दिली. गर्दी जमत होती, आणि रस्त्यात उभं राहून बोलण्यापेक्षा किल्ली देणं स्वस्त होतं.

मग सासूबाई वळल्या. "थोरले जावई."

"बोला आई," साडू म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू लपता लपत नव्हतं. जिंकलेल्या माणसाचं हसू.

"सामान नव्या दुकानात न्यायचंय. तुमचाच टेम्पो आहे आता."

"आत्ता नेतो!"

त्याच्या ट्रंकेएवढ्या टेम्पोत एका वेळी एक मशीन बसत होतं, तेही दार दोरीने बांधून. अकरा खेपा झाल्या. बॉयलरचं पाणी काढायला तो गटाराशी गेला आणि तोटी उलटी फिरवून स्वतःच आंघोळ करून आला. सातव्या खेपेला इस्त्रीचं टेबल उचलताना त्याची कंबर लचकली आणि तो जो वाकला तो सरळ होईना. बायका त्याला "अहो, थोरले दादा, जपून," म्हणत होत्या आणि टेबल त्याच्याच हातात देत होत्या. धाकटा जावई दर खेपेला सोबत होता, पण त्याच्या हातात कोणी काही देत नव्हतं, आणि तेच त्याला जास्त लागत होतं. त्याने एकट्याने एक मशीन उतरवायचा प्रयत्न केला, तेव्हा मुकादमीण शांतपणे म्हणाली, "दादा, राहू द्या. तुमच्यात पण हवा भरावी लागेल."

संध्याकाळी साडेपाचला गच्चीवरून चादरी उतरल्या, उन्हात कडकडीत वाळलेल्या. रस्त्यावर लोळलेल्या चोवीस चादरी तेवढ्या नव्या दुकानात पुन्हा धुतल्या जात होत्या, आणि हॉटेलातल्या चोवीस पाहुण्यांच्या गाद्यांवर त्या रात्री जेवणाच्या हॉलमधली मेजपोशं पसरली गेली.

नव्या दुकानात सगळे उलट्या घमेल्यांवर बसले होते. साडू उभा होता. बसता येत नव्हतं. धाकटा जावई टोपीच्या कडेशी चाळा करत होता. रोजचं काम हातचं गेलं, यात त्याला शंका नव्हती. फक्त ते सासूबाईंच्या तोंडून ऐकायचं राहिलं होतं, आणि तेही साडूसमोर.

"रोजच्या कामाचं सांगून टाकते," सासूबाई म्हणाल्या. साडूने शक्य तेवढी मान वर केली. "माझं महिन्यापूर्वीच ठरलं होतं. बसकीला द्यायचं."

"बसकीला?" दोन्ही जावई एकदम म्हणाले.

"मग कोणाला? अहो, ती गाडी माझ्या दारात मागे टेकून उभी राहिली की सगळ्या बोळाला कळायचं, बाईंचा धंदा जोरात आहे. मागल्या वर्षी तीन नवी गिऱ्हाइकं तिच्याकडे बघून आली. पाटी रंगवायला माणूस पैसे मागतो, ती फुकट काम करत होती. हा टेम्पो," त्यांनी साडूकडे न बघता हात केला, "त्यात चार चादरी आहेत की चारशे, बाहेरून कळतं का? आणि तुम्ही, जावईबापू! माझी जाहिरात ताठ उभी केलीत. लोक म्हणाले असते, गाडी रिकामी जातेय, बाईंचं काही खरं नाही."

धाकट्या जावयाने मनातल्या मनात हिशेब मांडला. म्हणजे तो घरी लोळत पडला असता तरी काम त्याचंच होतं. खर्च न करता मिळालं असतं ते त्याने खर्च करून घालवलं होतं. असा व्यवहार विजेच्या बिलावरसुद्धा मावला नसता.

"आई, मी उद्याच फुगे काढतो. पाटा नवीन..."

"नवीन नको. जुनाच कुठला तरी बघा, थकलेला. आणि काम तुम्हाला देत नाहीये." सासूबाईंनी हॉटेलची वही धाकट्या लेकीच्या हातात ठेवली. "हिला देते. हिने पुस्तिका वाचली होती, बॉयलर विचारला होता, टायर बघितले होते. गाडी तुमची, चालवायची तुम्ही, पण किती भरायचं ते ही सांगेल. आणि हिने बस म्हटलं की बस."

बायकोने वही उघडली, पहिलं पान बघितलं आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, सकाळी पाचला उठायचंय. टोपी नको, ऊन नसतं तेव्हा."

आता कोणी काय भरलं ते बघू. धाकट्या जावयाने फिटरला दोनदा पैसे दिले, फुगे घालायचे एकदा आणि काढायचे एकदा, आणि दुसऱ्यांदा टोपी मिळाली नाही. साडूने अकरा खेपांचं डिझेल दिलं आणि तीन आठवड्यांची कंबर. त्या तीन आठवड्यांत तो मागे टेकल्याशिवाय उभा राहू शकला नाही, पण गाडी बसलीय का हे त्याने कोणाला विचारलं नाही. मॅनेजरने गच्ची दिली. चोवीस पाहुण्यांनी खोलीचं पूर्ण भाडं भरलं आणि मेजपोशावर झोपून सकाळी आमटीच्या डागाबद्दल तक्रार केली. मुकादमिणीला काहीच भरावं लागलं नाही. तिचा गुडघा तेवढा चार दिवस उदास होता. आणि सासूबाईंनी त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला, तो गल्ल्यातून नव्हे. गल्ल्याची पेटी उघडायला त्यांना किल्ली सापडेना, म्हणून पैसे थोरल्या जावयाने दिले. उभ्याउभ्याच.